हार्डवेअरचा दुकानदार राज्याच्या राजकारणात : खरं उदाहरण आहे का?

लोखंडी_पान्हा

मंडळी, प्रश्न जरा घरगुती आहे. तालुक्याच्या गावी आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांनी ३२ वर्षांपूर्वी काढलेलं. खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, घमेली, बाइंडिंगची तार, पीव्हीसीचे एल्बो, अलीकडे रंग. मी पुण्यात नोकरीला. यंदा चार-पाच जण वडिलांच्या मागे लागलेत, नगरपंचायतीला उभे राहा म्हणून. वडील तोंडाने नाही म्हणतात, पण गेल्या आठवड्यात दोन पांढरे शर्ट शिवायला टाकून आलेत.

आई म्हणते, निवडणूक लढवली की उधारी बुडाली. ज्या मिस्त्रीकडे ४,७०० रुपये थकलेत त्याच्याच दारात हात जोडून जायचं, तर मागायचं काय, मत की पैसे?

वकील, डॉक्टर, मास्तर, कारखान्याचे चेअरमन राजकारणात गेलेले ढिगाने दिसतात. पण छोट्या गावातला हार्डवेअरवाला राज्याच्या पातळीपर्यंत पोचल्याचं कोणाला ठाऊक आहे का? आणि मागे दुकानाचं काय झालं? वडिलांना वाचून दाखवायचंय. त्यांना उभं करायला की बसवायला, ते माझं अजून ठरलेलं नाही.

निपाणीवाला

लांब कशाला जाता, आमच्याकडे कर्नाटकात येडियुरप्पा आहेत की. जन्म मंड्या जिल्ह्यातल्या बूकनकेरेचा. १९६५ साली समाजकल्याण खात्यात कारकून म्हणून लागले, ती सरकारी नोकरी सोडली आणि शिकारीपुरात भाताच्या गिरणीत हिशेब लिहायला बसले. १९६७ ला गिरणीमालकाच्याच मुलीशी लग्न. मग शिमोग्यात हार्डवेअरचं दुकान. १९७२ ला शिकारीपूर नगरपालिकेत निवडून आले, १९७५ ला अध्यक्ष झाले, आणीबाणीत तुरुंगात गेले, १९८३ ला आमदार. मुख्यमंत्रिपदाची शपथ चार वेळा घेतली. २००७ ची सात दिवस टिकली, २०१८ ची तीन दिवसांत आटोपली, आणि उरलेल्या दोन वेळाही पाच वर्षं काही पुरी झाली नाहीत.

सुरुवात नगरपालिकेपासूनच आहे, हे वडिलांना जरूर सांगा. आईला शपथांचा हिशेब सांगा.

तळ्याकाठची

मी पण हार्डवेअरवाल्याची मुलगी, विट्याची. वहीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं काम माझं असायचं. गेली १४ वर्षं कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या केलोनात राहते. ओकानागन तळ्याच्या काठचं गाव, सफरचंद-चेरीच्या बागांचं. आणि तुम्ही विचारताय तो माणूस नेमका याच गावचा! डब्ल्यू. ए. सी. बेनेट. १९५२ ते १९७२, सलग २० वर्षं प्रांताचा प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री.

जन्म १९०० चा, पार पूर्वेकडच्या न्यू ब्रन्सविकमधला. नववीत शाळा सुटली आणि हार्डवेअरच्या दुकानात नोकरीला लागला. पुढे अल्बर्टा प्रांतात भागीदारीत दुकानं केली, आणि १९३० मध्ये केलोनात येऊन एक चालतं दुकान विकत घेतलं. साल बघा. जगभर मंदी, बागांत सफरचंदं सडतायत, शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, आणि हा खिळे-बोल्टच्या दुकानात भांडवल घालतोय. माझ्या वडिलांनी त्याला वेड्यात काढलं असतं. इथल्या लोकांनी पुढे नाव ठेवलंच, ‘वॅकी’ बेनेट, म्हणजे चक्रमच.

सडणाऱ्या सफरचंदांवरून सांगते. त्याने आणि गावातल्या एका इटालियन किराणावाल्याने मिळून १९३२ मध्ये सफरचंदांची वाइन करायची कंपनी काढण्यात पुढाकार घेतला. बेनेट तिचा अध्यक्ष, आणि स्वतः थेंबालाही न शिवणारा! सफरचंदाची वाइन फारशी चालली नाही, मग ते द्राक्षांकडे वळले. आज या खोऱ्यात वाइन चाखायला जगभरातून लोक येतात.

आता राजकारण. कंझर्वेटिव्ह पक्षाचं तिकीट १९३७ ला मागितलं, मिळालं नाही. १९४१ ला आमदार झाला. १९४८ ला आमदारकी सोडून देशाच्या संसदेत, म्हणजे दिल्लीसारखं ओटावाला जायला निघाला, पोटनिवडणुकीत पडला. १९४९ ला पुन्हा आमदार. १९५१ ला पक्ष सोडून सोशल क्रेडिट नावाच्या, इथे तोवर कोणी फारसं मोजत नव्हतं अशा पक्षात गेला.

पुढची गोष्ट वडिलांना सावकाश वाचून दाखवा. सत्तेवर कंझर्वेटिव्ह आणि लिबरल यांची आघाडी होती. समाजवाद्यांना, म्हणजे सीसीएफ पक्षाला, रोखायचं म्हणून त्यांनी मतदानाची पद्धतच बदलली. मतपत्रिकेवर पहिली पसंती, दुसरी पसंती लिहायची. हिशेब असा की आपले मतदार दुसरी पसंती एकमेकांना देतील. लोकांनी ती भलत्यालाच दिली. १९५२ च्या निकालात ४८ पैकी सोशल क्रेडिटला १९ आणि सीसीएफला १८. पद्धत आणणारे दोन्ही पक्ष साफ झोपले. जिंकलेल्या आमदारांनी नेता निवडला तोही निकालानंतर, आणि तो आमचा हार्डवेअरवाला. पुढच्याच वर्षी सरकार पाडून घेऊन पुन्हा निवडणूक लढवली, बहुमत मिळवलं आणि ती पसंतीची पद्धत मोडीत काढली. ज्या शिडीने चढला ती वर ओढून घेतली.

प्रीमियर असताना बहुतेक सगळा काळ अर्थखातं त्याने स्वतःकडेच ठेवलं. आमच्या दुकानात चार नोकर होते, पण गल्ल्यावर वडिलांशिवाय फक्त आई बसायची. ते आठवलं की मला बेनेट कळतो.

कर्जाचा त्याला खरोखर तिटकारा होता. १ ऑगस्ट १९५९ ला त्याने जाहीर केलं की प्रांत कर्जमुक्त झाला. केलोनासमोर तळ्यात तराफ्यावर ७ कोटी डॉलरचे रद्द झालेले रोखे रचले आणि होडीतून पेटता बाण मारला. बाण आपटून उडाला, पाण्यात पडला. तराफ्यावर पोलिसाचा माणूस आधीच बसवून ठेवला होता, त्याने गुपचूप काडी लावली. (गिऱ्हाईक आल्यावर मोटर चालू होईना तर मागून कोणीतरी हाताने पंखा फिरवायचा, हे मी दुकानात पाहिलंय.)

मात्र हे वाचून वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं तर थांबवा. कर्ज पूर्ण फिटलं नव्हतंच. बरंचसं सरकारी महामंडळांच्या नावावर होतं आणि प्रांत त्याला फक्त जामीन, म्हणून ते प्रांताचं कर्ज नाही, असा हिशेब. आमच्याकडे याला ‘दुसऱ्या वहीत ओढणं’ म्हणायचे. पक्की वही स्वच्छ, कच्ची वही भरलेली.

बांधलं मात्र अफाट. रस्ते, फेरीबोटी, धरणं. समाजवाद्यांना शिव्या देत निवडून आला, आणि १९६१ मध्ये खासगी वीज कंपनी ताब्यात घेऊन सरकारी करून टाकली. पीस नदीवरचं १८३ मीटर उंचीचं धरण त्याच्या नावाचं आहे. त्याच्या पाण्याखाली त्से के डेने या आदिवासींची जमीन गेली. कोयना-वारणेकाठच्या लोकांना यातलं काही समजावून सांगायला नको.

खतावणी

माहिती उत्तम, पण हार्डवेअरचा यात संबंध काय? किराणावालाही राजकारणात जातो.

तळ्याकाठची

किराणावाल्याला तुमच्या घरात माणसं किती ते कळतं. हार्डवेअरवाल्याला घर कोण बांधतंय, कोणाचं अर्ध्यावर थांबलंय, भावाभावात मधली भिंत कोण घालतंय, कोणी नवं कुलूप का नेलं, हे सगळं कळतं. माझे वडील कुलूप देताना कधी काही विचारायचे नाहीत, एवढंच. बागवाला, प्लंबर, शाळेचा शिपाई, सगळे एकाच फळीवर कोपर टेकून उभे असतात. सभा घ्यावी लागत नाही.

दुकानाचं उत्तर राहिलंच. दुकान बुडालं नाही, वाढलं. आसपासच्या गावांत शाखा झाल्या, आणि हिशेब मुलांनी सांभाळला. १९७२ ला बेनेट हरला. पुढच्या वर्षी त्याने आमदारकी सोडली, त्या जागेवर दुकान बघणारा मुलगा बिल निवडून आला, आणि १९७५ ते १९८६ तोही प्रीमियर होता.

लोखंडी_पान्हा

सगळ्यांचे आभार. काल रात्री पूर्ण धागा वडिलांना वाचून दाखवला. धरण, बाण, वाइन, कशावरच बोलले नाहीत. म्हणाले, “अर्थखातं स्वतःकडे ठेवलं ते बरोबर केलं.” मग थोड्या वेळाने, “हिशेब मुलांनी सांभाळला म्हणते का ती?” आणि माझ्याकडे बघत बसले. मी पाणी प्यायला आत गेलो.

निपाणीवाला

आणि उधारीचं?

लोखंडी_पान्हा

आई यादी करतेय. वॉर्डनिहाय.