लेखकासाठी पाहिलेलं नाटक: तुमचे अनुभव लिहा

पेपरातली नाटकाची जाहिरात बघा. नटाचा चेहरा वीतभर, लेखकाचं नाव भिंग लावून वाचावं इतकं बारीक. प्रयोग बघून आल्यावरही आपण "काम काय केलंय!" यावरच बोलतो. ते बोलायला लावलं कुणी, हे गुलदस्त्यात. म्हणून हा धागा. कानेटकर, तेंडुलकर, एलकुंचवार यांना आज सुट्टी. सध्या लिहित्या असलेल्या कुणाचंही नाटक घ्या आणि त्यातली तुम्हाला धरून ठेवणारी एक जागा सांगा. "छान होतं, नक्की बघा" एवढंच लिहिणाऱ्याला चहा मिळणार नाही.

सावंतवाडीची थोरली जाऊ

आमच्याकडे मोठी नाटकं येतात ती गाजून जुनी झाल्यावर. त्यामुळे प्राजक्त देशमुख यांचं 'संगीत देवबाभळी' मी आधी वाचलं, बघितलं नंतर. दोनच बायका: तुकोबांची आवली आणि तिची शुश्रूषा करायला लखुबाई होऊन आलेली रखुमाई. लॉकडाउनमध्ये दुपारची भांडी आवरली की मी आणि धाकटी जाऊ ओट्याला टेकून मोठ्याने वाचायचो. ती आवली, मी लखुबाई. आवली विठ्ठलाचा उद्धार करते, समोर त्याचीच बायको बसलेली. हे आवलीला ठाऊक नाही, आपल्याला आहे. सगळी गंमत आणि सगळं दुखणं या एका गोष्टीवर उभं केलंय. एकदा जाऊ मध्येच थांबली नि म्हणाली, "ताई, दोघींची तक्रार एकच आहे हो. नवरा घरात नाही." माजघरातून सासूबाई म्हणाल्या, "मग नवीन काय सांगितलंन त्याने?"

नवीन काय ते मुंबईला भाचीकडे गेले तेव्हा प्रयोगात कळलं. वाचताना गाणी आम्ही नुसती ओलांडून जायचो. आनंद ओक यांच्या चालींवर ती समोर आली तेव्हा लक्षात आलं, बायकांनी एकमेकींना जे तोंडावर सांगायचं नाही ते लेखकाने गाण्यात ठेवलंय. गाणं वगळून या नाटकाची गोष्ट सांगताच येत नाही. सासूबाईंना हे पटवायचं अजून बाकी आहे.

जालनेकर

ताई, आमच्याकडं तर नाटकच गावातून मुंबईला गेलं. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' राजकुमार तांगडे यांनी लिहिलं, नंदू माधव यांनी बसवलं, संकल्पना अन् गाणी संभाजी भगत यांची. 2012 मध्ये रंगमंचावर आलं. यमाला महाराजांना न्यायचंय, तेही विचारांसकट, अन् नेमके विचारच सापडंनात! एवढ्या एका युक्तीवर आजचं सगळं राजकारण टांगलंय.

मला धरून ठेवलं ते बोलीनं. आमच्या बोलीला नाटकात काम काय असतं, तर गडी नाहीतर हवालदार, अन् ते बी हसवायला. इथं त्याच बोलीत माणसं वाद घालतात, दाखले देतात, समोरच्याला निरुत्तर करतात. काम करणारे बरेचसे जालन्याकडचे, शेतीवाडीतले. माझ्या शेजारी बसलेले काका मध्यंतरात म्हणले, "हे तर आपल्या पारावरचं भांडण हाय." लेखकाला याच्यापेक्षा मोठी पावती कोणती देणार?

जुना प्रूफवाला, पुणे

'दोन स्पेशल'. ह. मो. मराठे यांच्या कथेवरून क्षितिज पटवर्धन यांनी लिहिलेलं. वर्तमानपत्राची कचेरी, एक रात्र, आणि बातमी थांबव म्हणून सांगायला आलेली जुनी प्रेयसी. आयुष्यभर रात्रपाळी केली असल्याने मी चुका काढायच्या तयारीनेच बसलो होतो. कामाच्या धबडग्यात अर्धवट तुटणारी वाक्यं, फोन ठेवता ठेवता बोललेलं महत्त्वाचं काहीतरी, सगळं बरोबर. तक्रारीला जागा उरली नाही, त्याचं थोडं वाईटच वाटलं.

मागची रांग

मी जरा मिठाचा खडा टाकतो. नवीन आहे म्हणून कौतुक, हे मला झेपत नाही. पुण्याच्या छोट्याशा सुदर्शन रंगमंचावर आणि इतरत्र पुष्कळ नवी नाटकं बघतो. त्यातल्या कितीतरी म्हणजे स्पर्धेतली एकांकिका ताणून केलेले दोन अंक. मध्यंतरापर्यंत जीव असतो, पुढे पाणी. याउलट धर्मकीर्ती सुमंत यांचं 'गेली एकवीस वर्षे'. तिथे पोरं खूप बोलतात, गोल गोल बोलतात, पण तो गोंधळ माझ्या पिढीचाच होता, उसना आणलेला नव्हता. सुदर्शनला नट हाताच्या अंतरावर असतो, खोटं वाक्य लगेच टोचतं. लेखक जोखायला छोटी जागाच बरी, असं माझं मत.

धागाकर्ता

मुद्दा मान्य, पण 'देवबाभळी'सुद्धा मुळात एकांकिकाच होती. ताणणं आणि वाढवणं यात फरक आहे. शिवाय छोटी जागा म्हणाल तर मनस्विनी लता रवींद्र यांचं 'अमर फोटो स्टुडिओ' भरल्या मोठ्या नाट्यगृहात काय रंगायचं! फोटो काढायला गेलेलं जोडपं मागच्या काळात जाऊन पडतं, आणि कॉलेजची पोरं बाल्कनीतून ओरडतात.

ठाण्याची लेक

संदेश कुलकर्णी यांचं 'असेन मी… नसेन मी…'. विसरत चाललेली आई आणि लेक. माझ्या घरी तेच चालू आहे, म्हणून तिकीट काढायला धीर होत नव्हता. आईने मला "तुम्ही कोण?" विचारलं त्या दिवशी मी रडले नव्हते, तिला जेवायला वाढलं होतं. नाटकात रडले आणि बऱ्याच ठिकाणी हसलेही. घरातली आजारपणं अशीच असतात, त्यात विनोद घडतातच. तो लिहायची हिंमत केली म्हणून लेखकाचे आभार. माझ्यामागे एकाचा मोबाइल चांगला तीनदा वाजला, त्याचे नाहीत.

डोंबिवलीकर

वाचतोय. सुनील हरिश्चंद्र यांचं 'उर्मिलायन' कुणी पाहिलंय का? रविवारी आमच्याकडे प्रयोग लागलाय. बायको म्हणते विनोदी बघू, मी म्हणतो हे. कुणीतरी एक जागा सांगा म्हणजे घरात बाजू मांडता येईल. उद्या सकाळी बुकिंग उघडतंय, तेव्हा जरा लवकर.