खानापूर-हलशी-नंदगड मार्गाविषयी

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर भागात सायकलने फिरायचे तर कणकुंबीहून भीमगडच्या जंगलातून सायकल न्यावी, असे सुचवले जाते. परंतु भीमगड हे 2011 पासून अभयारण्य असल्यामुळे वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याऐवजी खानापूरहून हलशी आणि तेथून नंदगड असा मार्ग घ्यावा. जांभ्या दगडाची लाल वाट कोरडी असताना वरच्या बारीक खड्यांवरून वळणावर पुढचे चाक हलकेच सरकते, म्हणून किमान 40 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि त्यांत नेहमीपेक्षा थोडी कमी हवा ठेवणे सोयीचे पडते. हलशी ही कदंब राजघराण्याची जुनी राजधानी. तेथील भूवराह नरसिंह मंदिरात गाभाऱ्यांची दारे समोरासमोर आहेत, ते पाहायला निवांत अर्धा तास हवाच. नंदगडला, जिथे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 1831 साली फाशी दिली, त्यांची समाधी आहे. पावसाळ्यात मात्र हा बेत करू नये, कारण लाल चिखल ब्रेकमध्ये आणि साखळीत घट्ट बसतो. दिवाळीनंतर, मलप्रभा नदीचे पाणी निवळल्यावर निघावे.