मदत हवी आहे: बायकांची वाक्यं भिंतीवर लावायची आहेत

मंडळी, निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांच्या हातांचे फोटो आणि त्यांचीच वाक्यं मोठ्या पोस्टरवर बाजारात लावायचा विचार आहे. उदाहरणार्थ, 'हजार वळल्या, शंभर छाटात गेल्या.' (छाट म्हणजे खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या.) अमेरिकन कलाकार जेनी होल्झरने १९७७ पासून न्यूयॉर्कच्या भिंतींवर नुसती वाक्यं चिकटवली, तिथलीच दुसरी कलाकार बार्बरा क्रूगर काळ्या-पांढऱ्या फोटोवर लाल पट्टीत मजकूर देते, त्यावरून सुचलं. रंग मात्र कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा नको, मराठीवाल्यांचा भगवाही नको. आपल्याकडे रंग दिसला की मजकूर कोण वाचतंय!

मजकूर मराठी-कानडी दोन्हीत असेल. कर्नाटकातला दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कानडीचा नियम अशा पोस्टरला लागतो का? भिंत खासगी असली तरी नगरपालिकेची परवानगी लागते का? आणि फ्लेक्स नको, कागदच हवाय. खळ पावसात टिकेल का? बेळगाव-खानापूरकडं कुणी केलं असेल तर सांगा.