ओव्यांवर पीएचडी की बोअरवेल?

खडूधारी (धागाकर्ती):
आमच्या शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर काल एकाने टाकलं, "जात्यावरच्या ओव्यांवर पीएचडी करतायत म्हणे, वर फेलोशिप. तेवढ्या पैशांत गावात एक बोअर पाडली असती. संशोधन म्हणजे ज्यातून काहीतरी तयार होतं." खाली बावीस अंगठे. तिथे उत्तर दिलं तर ॲडमिन 'राजकारण नको' म्हणतो, म्हणून इथे लिहितेय.

हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांच्या कामातून लाखावर ओव्या गोळा झाल्या, हजाराहून जास्त गावांतून. आज त्या 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. घर झोपलेलं असताना जे कुणाला सांगता येत नव्हतं, ते बायकांनी जात्याला सांगितलं. नवऱ्याचं पिणं, माहेरची वाट, सीतेचा वनवास, बाबासाहेब. हे दुसऱ्या कुठल्या कागदात सापडतं ते दाखवा. गॅझेटियरमध्ये? सातबाऱ्यावर?

एम.ए.ला असताना मी मावशीच्या गावी टेपरेकॉर्डर घेऊन गेले होते. एक आजी तासभर 'आठवत न्हाई गं' म्हणत बसल्या. शेवटी सुनेने पडवीतल्या पोत्यांखालून जातं मोकळं केलं. खुंटा सैल झालेला, त्याला चिंधी गुंडाळून ठोकला. रिकामं जातं फिरवू नये म्हणून मूठभर ज्वारी टाकली. दुसऱ्या फेऱ्याला ओवी आली. मग कॅसेट बदलायलाही त्या थांबेनात. ओवी डोक्यात नव्हतीच, दंडात होती. मला तोवर हे कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

आणि बोअर कुठे पाडायची? आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत असतं, ते शोधणारा माणूसही शेवटी एक नकाशाच हातात ठेवतो. तोही 'काहीतरी तयार' करत नाही.

बेअरिंग_नाशिककर:
ताई, लेख भावनिक आहे, आवडला. पण मुद्दा चुकला. ओव्यांना कोण नाही म्हणतंय? माझी आजीही म्हणायची. प्रश्न पीएचडीचा आहे. बेअरिंगच्या कंपनांवर माझी सात वर्षं गेली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं, "हीच मांडणी दुसऱ्याने केली तर हेच आकडे येतील?" तुमच्या आजी दुसऱ्या दिवशी वेगळी ओवी म्हणाल्या असत्या. मग तपासायचं काय? गोळा करणं हे पुण्यकर्म आहे, संशोधन नव्हे.

आणि या मानव्यवाल्यांना वेळेचं काही नसतं. डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश १९४८ला सुरू झाला. छापील खंड अजून 'अ'मध्येच. आमच्या कंपनीत असं प्रोजेक्ट असतं तर मॅनेजरला गेटवरच निरोपाचा नारळ दिला असता.

लॅमरोड:
नाशिककर म्हणवता आणि कापरेकर विसरता? देवळालीचे शाळामास्तर. तुमच्या पासिंगचं वर्ष १९९८ धरू. अंक उतरते लावा, चढते लावा, वजा करा. ९९८१ वजा १८९९, आले ८०८२. पुन्हा तेच, ८५३२. पुन्हा, ६१७४. आता कितीही करा, ६१७४च. यातून कुठलं बेअरिंग तयार होतं? त्यांनाही लोक 'आकड्यांचे खेळ' म्हणून हसलेच. १९७५मध्ये अमेरिकेतल्या मासिकात मार्टिन गार्डनरने लिहिलं, तेव्हा कुठे इकडे माना डोलल्या.

बेअरिंग_नाशिककर:
कापरेकरांचं कुणीही पडताळू शकतं. माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभार. (पासिंग ९६चं.)

पळीपंचपात्र:
कोशाबद्दल बोलायचं तर आधी तिथे जाऊन या. मी गेले आहे. लोखंडी कपाटं, त्यांत कोटीच्या घरात चिठ्ठ्या. दीड हजाराच्या आसपास ग्रंथ, वेदांपासून पुढे. एक शब्द कोणत्या ग्रंथात पहिल्यांदा आला, नंतर अर्थ कसा सरकला, हे क्रमाने लावायचं असतं. ती काही गाईडमागची शब्दार्थांची यादी नाही. आणि 'अ'मध्ये संस्कृतातले नकारार्थी शब्द येतात सगळे! ग्रिम बंधूंनी जर्मन कोश १८३८ला हाती घेतला, संपला १९६१ला. थोरला ग्रिम 'फ्रुख्ट' म्हणजे फळ या शब्दाशी असताना गेला. लॅटिनचा कोश १८९४पासून चालू आहे, अजून संपलेला नाही. त्यांना नारळ कोण देतं?

बेअरिंग_नाशिककर:
जर्मनांचं सांगू नका. केतकरांनी २३ खंडांचा ज्ञानकोश वर्गणीदार गोळा करत फिरून पुरा केला. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८. तेव्हा संगणकही नव्हता!

पळीपंचपात्र:
ज्ञानकोश आणि ऐतिहासिक शब्दकोश एका तागडीत? मग तुमचं बेअरिंग आणि आमचं पंचपात्र, दोन्ही गोलच. करा तुलना.

लॅमरोड:
+१. 'आ' कधी लागतो यावर पैज घ्या कुणीतरी.

पळीपंचपात्र:
हसा. पोटाला चिमटा घेऊन चिठ्ठ्या लिहिलेल्या लोकांवर हसा. माझ्या सरांची दृष्टी गेली त्या अक्षरांवर.

बेअरिंग_नाशिककर:
मी माणसांना हसलो नाही. कृपया तोंडी शब्द घालू नका.

स्टाफरूम_४:
कोश राहू दे बाजूला, खरा घोळ मापात आहे. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, प्राध्यापकांच्या गुणांचा २०१८चा तक्ता काढा. विज्ञानाच्या शोधनिबंधाला ८ गुण, भाषा आणि मानव्याला १०. खूश झालो होतो मी! पदोन्नतीच्या फायलीत दोन कवितासंग्रह जोडले, एकाला पुरस्कार आहे. समितीतले एक गृहस्थ पान न उलटता म्हणाले, "छंद चांगला आहे." शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने पंधराशे रुपये भरून सात दिवसांत पेपर छापून आणला. विषयही जर्नलवाल्यानेच सुचवला. 'पियर रिव्ह्यूड', म्हणजे तज्ज्ञांनी तपासलेलं, असं मुखपृष्ठावरच छापलेलं. त्याचे गुण धरले. अकरा वर्षं एका संग्रहावर घालवली मी. आता ओळ सुचली की आधी वाटतं, हिचा लेख करता येईल का?

बेअरिंग_नाशिककर:
हे आमच्याकडेही आहे हो. माझ्या एका पेपरवर सहा नावं आहेत, त्यातल्या दोघांनी यंत्राचं तोंड पाहिलेलं नाही.

खडूधारी:
सहाच? २०१५ला भौतिकशास्त्रात हिग्ज नावाच्या मूलकणाच्या वस्तुमानावर पेपर आला, ५,१५४ लेखक. तेहतीस पानं, त्यातली चोवीस नावांची आणि संस्थांची. त्याला मी हसत नाही. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेचं यंत्र एकट्यादुकट्याने चालत नाही, तिथे श्रेय असंच लिहिणार. माझ्याकडे एक आजी, एक जातं, एक टेप. मला 'टीम कुठाय' विचारू नका, मी तुम्हाला 'आजी कुठाय' विचारत नाही. आणि आजी दुसऱ्या दिवशी वेगळी ओवी म्हणाल्या असत्या, हेच तर तपासायचं असतं. कुठला शब्द बदलला, सासू समोर असताना कुठली ओवी गाळली, तीच दुसऱ्या गावात कुणाच्या नावाने येते. लाखभर ओव्या एकत्र असल्या म्हणजे हे पडताळता येतं. एकच असली की ती आठवण.

बेअरिंग_नाशिककर:
हे आधी लिहिलं असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता. ठीक आहे, ओव्या मान्य. सासूचा मुद्दा तर प्रयोगाच्या मांडणीसारखाच आहे. कोश मान्य नाही.

पळीपंचपात्र:
उपकार झाले. कोशाने आता सुखाने डोळे मिटावेत.

मुळशीचा_वारा:
मोठ्यांच्या वादात पडत नाही. स्टाफरूम_४ सर, त्या सात दिवसांवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? शुक्रवारी फाईल द्यायची आहे.