मदत हवी आहे: हॉटेलात ठेवलेल्या निर्वासितांसाठी आमच्या मंडळाने काय करावं?

शनिवारकर: नमस्कार. आमच्या उपासना मंडळाला (रामरक्षा, भजन, मग जेवण) जवळच्या हॉटेलातल्या निर्वासितांसाठी काहीतरी करायचंय. मसालेभात घेऊन गेलो, गार्डने दारातूनच परत पाठवलं. गणपतीच्या वर्गणीतले पैसे शिल्लक आहेत. रविवारी बैठक आहे. तात्त्विक चर्चा नको, नेमकं सांगा.

कोकणी_मेवा: देश कुठला?

गुगळे: भारतात असाल तर अवघड. १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सही नाही. आधी त्यांच्याकडे यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) कार्ड आहे का बघा.

शनिवारकर: अहो, इंग्लंड! मिडलंड्स.

कोकणी_मेवा: मग ते आधी लिहायचं ना. असायलमचा, म्हणजे आश्रय द्यायचा, निर्णय झालाय की अर्ज पडून आहे?

शनिवारकर: त्याने काय फरक पडतो? भूक तीच.

लेस्टरची_माई: फार पडतो, दादा. अर्ज पडून असताना नोकरी करता येत नाही. १२ महिने उलटल्यावर परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांसाठी. हॉटेलात जेवण मिळतं म्हणून हातात आठवड्याला जेमतेम दहा पौंड. त्यात बस, फोन, पोरांचा खाऊ. निर्णय बाजूने लागला की हॉटेल सोडायची नोटीस येते, तेव्हा घर शोधायला माणूस लागतं.

आणि डबे नेऊ नका, तुमच्या हॉलचं स्वयंपाकघर उघडून द्या. आमच्या इथल्या चर्चने तेच केलं. मी बुधवारी जाते. एरिट्रियाच्या एका बाईने कांदा परतायला घेतला, थेंबभर तेल न घालता, आणि किती वेळ परततच होती! मी तेलाची बाटली पुढे केली तर हातानेच 'थांब' म्हणाली. पुढे भांडी घासताना तीच बोलायला लागली.

सडेतोड: चर्चवाले उगाच करतात होय? शेवटी धर्मांतरच. आधी आपल्या विद्यार्थ्यांना बघा.

लेस्टरची_माई: मी तिथे बुधवारी कपाळाला टिकली लावूनच जाते. अजून कुणी पाणी शिंपडलेलं नाही.

करवीर: कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. त्यांचं चर्च, शाळा, नाटकं सगळं तिथेच. आपल्याला हे नवीन नाही.

पुणेकर७: माझ्या भाच्याला लंडनचा स्टुडंट व्हिसा हवाय, किती दिवस लागतात?

कोकणी_मेवा: वेगळा धागा काढा. शनिवारकर, एक सांभाळा: अर्जात काय लिहायचं हा सल्ला मंडळातल्या कुणीही देऊ नये. १९९९ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे. वकिलापर्यंत सोबत जा, बस्स. आणि मंडळ चॅरिटी म्हणून नोंदलेलं असेल तर गणपतीसाठी मागितलेली वर्गणी परस्पर इकडे वळवता येत नाही.

शनिवारकर: स्वयंपाकघराचं पटलं. बसच्या पैशांसाठी वेगळी पेटी ठेवतो. पण हॉल शाळेचा आहे, भाड्याचा. गॅस वापरू देत नाहीत.

कोकणी_मेवा: हेही आत्ता सांगताय!