हंगामाच्या सणाला रिकाम्या हातानं आलेल्या माणसानं काय बोलायचं?

शहापूरचा मास्तर

जय ख्रिस्त मंडळी. आठ दिवस झाले एकच गोष्ट डोक्यात घोळतेय म्हणून लिहितोय, जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

आमच्या मंडळीत हंगामाचा सण झाला. दरवर्षीसारखं लोकांनी वेदीपुढं भाताच्या पेंड्या, ऊस, नारळ, भोपळे, दोन कोंबड्या, घरी केलेल्या चकल्या असं काय काय आणून ठेवलं होतं, उपासना झाली की त्याचा लिलाव होतो, पोरं तर त्यासाठीच थांबतात. साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, वेळ आली तसे मागच्या बाकावरून एक भाऊ उठले. त्यांचं शेत आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या काठाला. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात ज्यांची जमीन आहे त्यांना वेगळं सांगायला नको, नाल्यात गाळ साचलेला, वर जलपर्णी, जोराचा पाऊस झाला की पाणी शेतात चढतं आणि उतरायचं नाव घेत नाही. त्यांनी यंदा दोनदा लावणी केली आणि दोन्ही वेळा रोप कुजलं. ते एवढंच म्हणाले की दरवर्षी मी घरच्या बासमतीचं पोतं आणून ठेवतो, यंदा आणायला काही नाही, आणि का नाही ते देवानं मला सांगावं, मी त्याला रोज विचारतोय.

सगळे गप्प. मग एक वडीलधारे सभासद उठून म्हणाले, भाऊ, इस्राएल लोकांनी रानात कुरकुर केली तेव्हा देवानं त्यांच्यात विषारी साप सोडले, आजच्या दिवशी असं बोलू नये. आणि लगेच भजन सुरू झालं. ते भाऊ लिलावाच्या आधीच निघून गेले, बाहेर चपला घालताना मी त्यांना बघितलं पण उठलो नाही, त्याची मला आता लाज वाटते.

माझं म्हणणं सरळ आहे. "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे वचन मी स्वतःला सांगायचं असतं. ज्याचं पीक कुजलंय त्याच्या तोंडावर ते फेकायचा अधिकार मला कुणी दिला? बायबलातल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्यानं देवाला काय काय सुनावलं ते वाचा, जन्माला आलो तो दिवस जळो इथपासून सुरुवात आहे. आणि शेवटी ४२ व्या अध्यायात देव रागावतो ते त्याच्या मित्रांवर, म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाही. ते मित्र तर सगळं देवाच्या बाजूनंच बोलत होते की ओ!

कॅम्पातली मावशी

मास्तर, त्या भावाचं वाईट वाटलं, सापांचं बोलायला नको होतं. पण तुमचं पुढचं सगळं मला पटत नाही आणि का पटत नाही ते माझ्या घरातूनच सांगते.

आमच्या ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, असं चार वर्षं चाललं. पहिली दोन वर्षं मी फक्त रडगाणं गायले. देवापुढं गायले, बहिणीपुढं, शेजारणीपुढं, महिला मंडळात, बसमध्ये बाजूला बसलेल्या बाईपुढं सुद्धा. मला वाटायचं मी मन मोकळं करतेय. माझी लेक तेव्हा दहावीला होती, ती क्लासवरून उशिरा यायला लागली, मैत्रिणीकडं अभ्यास करते म्हणायची. नंतर कळलं की घरात माझा आवाज नको म्हणून ती थांबायची. एका रात्री हे म्हणाले, तू मी मेलोय असं समजून बोलतीस, मी अजून हाय की.

त्या रात्रीपासून आम्ही दोघं झोपायच्या आधी तीन गोष्टी बोलून देवाचे आभार मानायला लागलो. मोठ्या नव्हत्या त्या. आज सुई पहिल्या खेपेला नीट लागली. आज येताना बसायला जागा मिळाली. आज अर्धी भाकरी पोटात राहिली. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं होतं, ते हातात भांडं धरून त्या एवढ्याशा पाण्यावर प्रार्थना करायचे आणि घोट घोट प्यायचे. आजार तसूभर बदलला नाही, पण लेक घरी यायला लागली.

आणि बायबलातल्या गणना पुस्तकाचा ११ वा अध्याय बघा. लोक म्हणतात मिसरात आम्ही मासे फुकट खात होतो, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. फुकट? ते तिथं गुलाम होते, पाठीवर फटके खाऊन विटा पाडत होते! कुरकुर माणसाला खोटं आठवायला लावते हो. हे मी स्वतः केलंय, आजाराच्या आधीचं आयुष्य किती सुखाचं होतं असं सांगत फिरायचे, तसं ते नव्हतं.

निपाणीची लेक

मावशी, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. तुम्ही तुमच्या घरात केलं ते खरंच मोठं आहे. पण माझ्या आईचं ऐका.

आई निपाणीत विड्या वळायची. सकाळी पानं भिजवून कापायची, मांडीवर सूप घेऊन रात्रीपर्यंत वळायची, हजार विड्या भरल्या तर मजुरी. दुसऱ्या दिवशी माल द्यायला गेलं की तपासणारा मूठ मूठ उचलून छाट काढायचा, ह्या बारीक, ह्या सैल, आणि छाटाची मजुरी कापायची पण विड्या परत द्यायच्या नाहीत. आई आणि गल्लीतल्या चार बायकांनी ठरवलं की हे बोलायचं. तर प्रार्थना सभेत एका जबाबदार माणसानं आईला सांगितलं, बाई, हाताला काम आहे त्याबद्दल प्रभूचे आभार मान, कुरकुर करणं पाप आहे. आई देवभीरू होती, ती वर्षभर गप्प बसली. ते वर्ष आमच्या घरानं कसं काढलं मला माहीत आहे, मी सातवीत होते आणि वहीची मागची पानं खोडून वापरत होते.

निपाणी म्हटलं की लोकांना १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवतं, शेतकरी हायवेवर बसले होते, गोळीबारात माणसं गेली. ते लोक दराबद्दल तक्रारच करत होते ना? देवाचे आभार मानत घरी बसले असते तर भाव कुणी दिला असता?

म्हणून माझा राग उपकारस्तुतीवर नाही. दुसऱ्याचं पोट मारून वर त्याच्याकडूनच उपकारस्तुती मागायची, त्यावर आहे.

वडगावचा पोरगा

मी थोडं उलटं बोलतो, कुणी राग मानू नका. मी तरुण संघात आहे आणि मला रोज काय ऐकू येतं सांगू? साउंड बरोबर नाही. भजनं जुनीच म्हणतात. पाळक साहेब त्यांच्या घरी गेले आमच्या घरी आले नाहीत. कन्नड उपासनेला सकाळची चांगली वेळ दिली आणि मराठीला उरलेली, आणि कन्नडवाले भाऊ नेमकं ह्याच्या उलट बोलतात. कमिटीत कोण आणि का. ह्याला तुम्ही ईयोबाचा विलाप म्हणणार काय? ईयोबाची दहा लेकरं गेली होती. आमच्यात फॅन बंद पडला तरी माणसं दोन रविवार येत नाहीत.

आणि साक्षीची वेळ ही देवानं केलेलं सांगायची वेळ आहे. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फिलिप्पै शहराच्या तुरुंगात छड्या मारून पाय खोड्यात अडकवले होते, आणि मध्यरात्री ते स्तोत्रं गात होते, बाकीचे कैदी ऐकत होते. त्यांनी त्या रात्री देवाला जाब विचारला असता तर त्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं कुटुंब विश्वासात आलं असतं काय? हबक्कूक ३ घ्या. अंजीर फुलत नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. हा तर अगदी त्या नाल्याकाठच्या भावासाठीच लिहिल्यासारखा अध्याय आहे. विश्वास म्हणजे तो "तरी".

निपाणीची लेक

भावा, पौलाची गोष्ट पुढं वाच की, तिथंच थांबू नकोस. सकाळ झाल्यावर अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की सोडा त्यांना, गुपचूप जाऊ देत. पौल गेला? म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हाला चारचौघात मारलं आणि आता गुपचूप घालवता? ते काही नाही, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर काढावं. आणि ते आले. घाबरून आले. रात्री गाणारा आणि सकाळी हिशेब मागणारा माणूस एकच आहे. पुढं "जे काही तुम्ही कराल ते कुरकुर व वादविवाद न करता करा" हे त्यानं ह्याच फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं. म्हणजे त्याच्या मनात कुरकुर म्हणजे अन्यायाबद्दल बोलणं नक्कीच नसणार.

खानापूरवाला

मी कॅथलिक आहे, आमच्याकडं उपासनेला मिस्सा असते, साक्षीची पद्धत तशी नाही, तरी दोन गोष्टी सांगाव्या वाटल्या.

एक तर कुरकुर ह्या शब्दाचीच. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये यरुशलेमच्या मंडळीत भांडण होतं. तिथं दोन भाषेची माणसं होती, इब्री बोलणारी आणि ग्रीक बोलणारी. रोजच्या वाटपात ग्रीकवाल्यांच्या विधवा सुटून जायच्या म्हणून त्यांनी कुरकुर केली. मूळ ग्रीकमध्ये तिथं गोंगुस्मोस शब्द आहे, आणि फिलिप्पैच्या त्या वचनातही तोच शब्द आहे, जरा उच्चारून बघा, ऐकायला सुद्धा कुरकुरच वाटते. आता प्रेषितांनी काय केलं? साप काढले नाहीत. वाटणीला सात माणसं नेमली, आणि त्या सातांची नावं बघितली, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तर सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हातात भांडार दिलं! वडगावच्या भावा, तू सकाळच्या वेळेचं बोललास ना, आपल्या सीमाभागात राहून आपल्याला हा अध्याय सगळ्यात आधी कळायला पाहिजे. मराठी असो की कन्नड, सगळ्याच तक्रारी फॅनच्या नसतात.

दुसरं, येशू ज्या रात्री धरून दिला गेला त्याच रात्री त्यानं भाकर घेऊन उपकारस्तुती केली. आमच्या मिस्साचं ते काळीज आहे, युखारिस्त शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. मग गीत गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडं गेले. आणि दोनचार तासांत तोच येशू पालथा पडून म्हणतो, हा प्याला माझ्यावरून टळो, आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. ते २२ वं स्तोत्र आहे. दाविदाच्या लोकांनी दीडशे स्तोत्रांत रडण्याला एवढी जागा दिली आणि आपण उपासनेत पाच मिनिटं देत नाही. ८८ वं तर शेवटपर्यंत वर येतच नाही, अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही.

वडगावचा पोरगा

कृत्ये ६ चं मला असं कधी कुणी सांगितलं नव्हतं. मान्य, भाषेच्या तक्रारीला मी फॅनच्या तक्रारीत घातलं ते चुकलं. पण येशू त्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थनेला तीन शिष्यांना घेऊन थोडा पुढं गेला, सगळ्या जमावापुढं नाही बोलला. आणि शेवट "माझ्या इच्छेप्रमाणे नको" असा केला. आमच्यातले लोक पहिलं वाक्य घेतात आणि दुसरं सोडून देतात. मी तरी लहान पोरांपुढं देवाला जाब विचारणाऱ्या साक्षी नको असंच म्हणेन.

शहापूरचा मास्तर

पोरांपुढंच पाहिजे असं मला वाटतं, कारण त्यातलं कुणीतरी उद्या नापास होणार आहे, कुणाचा बाप जाणार आहे, आणि तेव्हा त्याला वाटेल की चर्चमध्ये फक्त हसऱ्या माणसांना जागा असते. पण तुझं "दुसरं वाक्य सोडून देतात" हे खरं आहे, मी स्वतः सोडतो.

मावशी, तुमच्या पाण्याच्या भांड्याची गोष्ट मी घरी वाचून दाखवली. बायको म्हणाली, ह्या बाईंनी स्वतः दोन वर्षं रडल्यावर आभार मानले, त्यांना पहिल्या दिवशीच कुणी गप्प केलं असतं तर?

काल संध्याकाळी मी त्या भावांच्या घरी जाऊन आलो. मी माफी मागितली, बाहेर उठून आलो नाही त्याबद्दल. वहिनींनी चहा दिला. ते जास्त बोलले नाहीत. म्हणाले चर्चला येईन, साक्षीला उभा राहणार नाही. मग मला शिवारात घेऊन गेले. पाणी ओसरलंय पण चिखलाला वास येतोय, बांधावर जलपर्णी अडकून वाळलीय. पुढच्या पेरणीला घरचं बी सुद्धा उरलेलं नाही, दरवर्षी ते स्वतःचंच धरतात. सोमवारी तिथले शेतकरी नाल्याचा गाळ काढा म्हणून निवेदन द्यायला जाणार आहेत, सगळे मिळून शंभरेक सह्या झाल्यात. मी जाणार आहे. आपल्यातलं अजून कोण येतंय?

निपाणीची लेक

मी लांब आहे, पण त्या दिवशी सुट्टी टाकून येते. आणि ज्यांनी सापांचं सांगितलं त्यांनाही कुणीतरी बोलवा, मी मनापासून म्हणतेय.

वडगावचा पोरगा

मी येतो. तरुण संघातल्या चारजणांना आणतो. निघायच्या आधी शिवारात उभं राहून प्रार्थना करायची, आणि त्यात आभार पण मानायचे, एवढं मी सोडणार नाही.

कॅम्पातली मावशी

मास्तर, तुमच्या बायकोचं बोलणं दोन दिवस मनात राहिलं. खरं आहे, मला कुणी गप्प केलं नव्हतं. महिला मंडळातल्या बायकांनी ऐकून घेतलं दोन वर्षं, कंटाळल्या असतील तरी ऐकलं.

खानापूरच्या भावानं ८८ वं स्तोत्र सांगितलं ते काल रात्री काढून वाचलं. इतक्या वर्षांत मी ते पान उलटूनच पुढं जायची. ह्यांच्या शेवटच्या आठवड्यात हे म्हणाले होते, एखादं स्तोत्र वाच, आणि मी १०३ वाचलं, त्याचे उपकार विसरू नको ते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, अजून एखादं वाच, जरा वेगळं. मला कळलं नाही त्यांना काय पाहिजे होतं, मी १०३ च परत वाचलं. १०३ वाचल्याचं मला आजही वाईट वाटत नाही, ते आमचं दोघांचं होतं. पण दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा दुसरं काढायला हवं होतं.

लेकीकडं भावाकडनं आलेलं दोन पायली बासमतीचं बी आहे, विचारून सांगते. सोमवारी किती वाजता आणि कुठं जमायचं ते कळवा.