मदत हवी आहे: इंग्लंडमधला इलेक्ट्रिक शॉवर बदलायचाय, जुनी केबल पुरेल का?

नमस्कार मंडळी,

इथल्या घरगुती वायरिंगची नीट माहिती असलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. आमच्या शॉवरला पाणी येतं, पण गार. पुढच्या महिन्यात आई-बाबा नाशिकहून येताहेत, त्याआधी काम उरकायचंय. पण घाईघाईत भलतंच काही व्हायला नको.

भारतातल्यांसाठी थोडं सांगते. हा टाकीचा गीझर नव्हे. भिंतीवरच्या डब्यातून पाणी जाता जाता तापतं, त्यामुळे वीज भरपूर लागते. गीझर साधारण २ किलोवॉटचा असतो, त्याचं १६ अँपिअरच्या प्लगवर भागतं. आमचा शॉवर ८.५ किलोवॉटचा, म्हणजे ३५ अँपिअरच्या आसपास. प्लग नाहीच. फ्यूज बॉक्सपासून स्वतंत्र केबल येते आणि मध्ये छताला दोरीचा स्विच असतो.

प्लंबरने मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री केली आणि झाकण काढलं. न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता, त्याच्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं, वायरचं आवरण इंचभर कडक होऊन तडकलेलं. स्विचची पट्टीसुद्धा एका कडेने पिवळी पडलीय. तो म्हणाला, "जळका भाग कापून टाकू, १०.५ किलोवॉटचा लावू, पाणी जोरात येईल, अर्ध्या तासाचं काम." मी त्याला थांबवलं. केबलवर ६ चौ.मिमी. छापलंय, एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) ४० अँपिअरचा आहे. वायरी लाल-काळ्या, म्हणजे काम २००६ च्या आधीचं. बोर्डवर टेस्टचं बटण कुठेच दिसत नाही, म्हणजे आरसीडी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसावा.

खरी काळजी माळ्याची आहे. केबल माळ्यावरून जाते आणि तिच्यावर इन्सुलेशनचा जाड थर आहे, फूटभर तरी. बीएस ७६७१ (इथलं वायरिंगचं मानक) मधले आकडे बघितले, तर ६ ची केबल भिंतीला उघडी क्लिप केली असेल तर ४७ अँपिअर झेपतात, पण १०० मिमीपेक्षा जाड इन्सुलेशनखाली फक्त २७. मग इतकी वर्षं ३५ कसे चालले? नवरा म्हणतो, अंघोळ दहा मिनिटांची, केबल तापायच्या आत संपते. पण पाठोपाठ चौघांच्या अंघोळी झाल्या तर? तोच ८.५ चा पुन्हा लावू का, की केबलच बदलू? आणि हे प्लंबरकडून करून घ्यावं का?

प्रतिसाद १

ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. मी इथे इलेक्ट्रिशियन आहे. १०.५ चा शॉवर ४४ अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि ४० चा एमसीबी साधारण ४५ पर्यंत न पडता तग धरू शकतो. म्हणजे एमसीबी गप्प बसणार आणि माळ्यावर केबल भाजत राहणार. आत्तासुद्धा तेच आहे: आपली केबल २७ च्याच लायकीची आहे हे एमसीबीला कळत नाही. चौघांच्या अंघोळींची तुमची शंका अगदी रास्त आहे.

१० चौ.मिमी.ची नवी केबल टाका, पण तीही इन्सुलेशनखाली पुरली तर ३६ वरच येते. इन्सुलेशनच्या वरून, लाकडाला क्लिप करून न्यायला सांगा. मध्ये जोड नको. स्विचही नवा, दोन्ही तारा तोडणारा. ३० मिलिअँपिअरचा आरसीडी हवाच, बाथरूमच्या सर्किटला त्यात सूट नाही. आणि मेन फ्यूज ६०, ८० की १०० चा आहे ते आधी बघून घ्या. ६० चा असेल तर शॉवर, ओव्हन आणि केटल एकदम चालताना ओढाताण होते.

प्रतिसाद २

कायद्याचं सांगतो. इंग्लंडमध्ये नुसता शॉवर बदलला तर कौन्सिलच्या बांधकाम विभागाला कळवावं लागत नाही, पण बोर्डपासून नवं सर्किट म्हटलं की 'पार्ट पी'खाली (बांधकाम नियमांतला घरगुती विजेचा भाग) कळवावं लागतं. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन ते स्वतःच प्रमाणित करतो. सर्टिफिकेट मागून घ्या, घर विकताना वकील विचारतात. प्लंबरने फक्त पाण्याची जोडणी करावी.

आणि नवा शॉवर बसवल्यावर वीज देण्याआधी गार पाणी सोडून डबा भरू द्या, नाहीतर एलिमेंट कोरडं तापून पहिल्याच दिवशी जातं.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्लंबरला १०.५ नको म्हणून कळवलंय. ८.५ चाच घेणार, केबल मात्र १० ची, इन्सुलेशनच्या वरून. मेन फ्यूजच्या कटआउटवर (फ्यूज बसवलेल्या डबीवर) ८० लिहिलंय, पण आतला फ्यूज तेवढाच असेल का? त्याला सील आहे, म्हणून हात लावला नाही. तो बघायला वीज वितरण कंपनीला बोलवायचं, की इलेक्ट्रिशियनने सांगितलेलं चालतं? आणि लेस्टरच्या आसपासचा खात्रीचा नोंदणीकृत माणूस कुणाला ठाऊक असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.